थडग्यांची डागडुजी : एक प्राचीन ख्रिस्ती कर्तव्य

ज्युबिलीचें वर्ष उगवलें म्हणजे धर्मग्रामांतील प्रत्येक वस्तूला नवें तेज चढूं लागतें. देवळास रंग दिला जातो, वेदीवरील पितळी दीपदानें घांसलीं जातात, घंटेचा जुना दोर बदलतो, अंगणांत मंडपाचे खांब उभे राहतात. हें सर्व यथायोग्य आहे. परंतु ज्यांच्या घामानें हें देऊळ उभें राहिलें, ज्यांनीं आपल्या कणगींतील भात विकून पहिल्या भिंतीसाठीं दगड आणविला, ते आपले पूर्वज देवळामागील दफनभूमींत निजलेले आहेत; आणि त्यांच्या उशाशीं उभारलेल्या क्रुसांपैकीं कांहीं वांकले आहेत, कांहीं दुभंगले आहेत, कांहींच्या पायांत पिंपळाचीं मुळें शिरलीं आहेत.

ह्या जुन्या स्मारकांचें काय करावें, ह्याविषयीं आपल्यांत दोन मतें ऐकूं येतात. कित्येकांचें म्हणणें असें कीं, ह्या मोडक्या शिळा एकदम काढून टाकाव्या व जागा सपाट करावी. नाहीं तर मृत भाविकांच्या दिवशीं मेणबत्ती लावावयास आलेल्या एखाद्या लेंकरावर त्या कोसळतील. दुसरे म्हणतात कीं, पूर्वजांची वस्तु जशी आहे तशीच असूं द्यावी. तिला हात लावणें म्हणजे मृतांची झोंप मोडणें होय. पहिल्यांस लेंकरांची काळजी आहे, दुसऱ्यांस वाडवडिलांची. आणि दोहोंपैकीं कोणतीहि काळजी खोटी नाहीं. परंतु पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे पाहतां ह्या प्रश्नाचें एक तिसरें उत्तर आढळतें. तें सुमारें १६५० वर्षांपूर्वीं रोम नगरांत एका पोपमहाशयांनीं दिलें, आणि तेंहि शब्दांपेक्षां दगडचुन्यानें अधिक दिलें. तो इतिहास प्रथम सांगावा, आणि मग आपल्या दफनभूमीच्या फाटकापाशीं यावें, असा आमचा बेत आहे.

मृतांस पुरणें हें आपल्या धर्मांत दयेच्या शारीरिक कृत्यांपैकीं एक कृत्य मानिलेलें आहे. बंदिवासाच्या दिवसांत तोबीत जेवणाचें ताट तसेंच टाकून आपल्या भाऊबंदाचें प्रेत उचलावयास गेला. अरिमथाईच्या योसेफानें स्वतःसाठीं खोदविलेली नवी कबर प्रभूला दिली. ज्या देहावर बाप्तिस्म्याचें पाणी पडलें आणि ज्यानें ख्रिस्तशरीर ग्रहण केलें, तो देह पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट पाहत आहे, ह्या विश्वासामुळें आपल्या प्राचीन धर्मबंधूंनीं दफनभूमीस ग्रीक भाषेंत जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘निजावयाची जागा’ असा आहे. पोर्तुगीजांच्या तोंडचा ‘सेमितेरियु’ हा शब्द त्याच मुळापासून निघालेला आहे. निजलेल्या मनुष्याच्या उशाशीं जसें आपण हळूच वावरतों, तसेंच दफनभूमींत वावरावें, हा त्या नांवांतील बोध होय.

रोमच्या कायद्याप्रमाणें नगराच्या हद्दींत प्रेत पुरण्यास मनाई होती. म्हणून नगराबाहेर जाणाऱ्या राजमार्गांच्या कडेस, विशेषतः आप्पिया नांवाच्या मार्गावर, ख्रिस्ती लोकांनीं जमिनीखालीं दफनभूमि खोदल्या. ह्यांसच पुढें कॅटाकोम म्हणूं लागले. तेथील ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड कुदळीनें सहज कापतां येतो. त्यांत अरुंद बोळ खोदून दोन्ही भिंतींत एकावर एक अशा लांबट खणांच्या रांगा केलेल्या असत. प्रत्येक खणांत देह ठेवून खणाचें तोंड कौलांनीं किंवा संगमरवरी फरशीनें बंद करीत, आणि सांधे चुन्यानें भरीत. हें काम करणाऱ्या खोदकऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच ख्रिस्तसभेंत होता. ह्या बोळांत श्रीमंत व दास, परमगुरु व बालकें, रक्तसाक्षी व साधे भाविक एकमेकांशेजारीं निजलेले होते.

इ. स. ३१३ मध्यें रोमच्या राज्यांत ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाली. छळाच्या काळांत जेथें आसवें गिळीत जावयाचें, तेथें आतां यात्रेकरू उघडपणें येऊं लागले. संत जेरोम हे लहानपणीं रोम येथें शिकत असतांना रविवारीं सोबत्यांबरोबर ह्या भुयारांत जात असत. तेथील काळोख किती दाट होता, आणि वरच्या एखाद्या झरोक्यांतून तुरळकच उजेड कसा येई, ह्याचें वर्णन त्यांनीं पुढें आपल्या लेखनांत केलें आहे. अशा काळोखांत, अशा अरुंद वाटेनें, म्हातारेकोतारे व लेंकुरवाळ्या बाया उतरूं लागल्या म्हणजे काय धोका असतो, हें कोणासहि समजण्यासारखें आहे. एकीकडे भक्तांची दाटी, दुसरीकडे जुन्या व नाजूक कबरी. आज आपल्यापुढें जो पेंच आहे, तोच तेव्हां रोमच्या ख्रिस्तसभेपुढें होता.

इ. स. ३६६ पासून ३८४ पर्यंत संत दामासस हे पोपच्या आसनावर होते. त्यांनीं भुयारांतून रक्तसाक्षींच्या कबरी शोधून काढविल्या. बुजलेले मार्ग मोकळे केले. उतरण्यास जिने बांधविले. उजेड व वारा यावा म्हणून वरपर्यंत झरोके काढविले. जेथें भिंत किंवा छत कच्चें होतें तेथें बांधकाम करून आधार दिला. आणि यात्रेकरूंस कबरीपुढें उभें राहून प्रार्थना करतां यावी एवढी जागा रुंद केली. रक्तसाक्षींचे देह मात्र होते त्याच जागीं राहिले. मृतांस न हलवितां जिवंतांस सुरक्षित वाट करून देणें, हा त्यांच्या सर्व कामाचा मथितार्थ होय. आम्हीं वर ज्यास तिसरें उत्तर म्हटलें, तें हेंच.

परंतु केवळ भिंती सांवरून ते थांबले नाहींत. ज्याची कबर, त्याचें नांव आणि त्याची थोडक्यांत हकीगत पद्यांत रचून त्यांनीं संगमरवरी शिळांवर कोरविली. हें कोरण्याचें काम फुरियस दियोनिसियस फिलोकालस नांवाच्या निष्णात अक्षरकाराकडे होतें. त्याच्या अक्षरांच्या टोंकांस केसासारखीं नाजूक वळणें आहेत. त्यांवरून त्याच्या वळणाचें अक्षर कोठेंहि ओळखतां येतें. ही माहिती मिळविण्याकरितां दामासस ह्यांनीं ऐकीव गोष्टीहि जपून ठेविल्या होत्या. मार्सेलिनस व पेत्रस ह्या दोन रक्तसाक्षींचा वृत्तांत तर त्यांनीं बालपणीं प्रत्यक्ष त्यांचा वध करणाऱ्याच्याच तोंडून ऐकिला होता, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. मारेकऱ्याच्या तोंडची गोष्ट एका मुलानें लक्षांत ठेविली, आणि तो मुलगा परमगुरु झाल्यावर ती दगडावर आली. मृतांचीं नांवें टिकावयाचीं तीं अशीं टिकतात.

त्यांच्या विनयाची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आप्पिया मार्गावरील संत कालिस्तस ह्यांच्या दफनभूमींत तिसऱ्या शतकांतील अनेक पोप एका दालनांत पुरलेले आहेत. त्या दालनांत लाविलेल्या शिळेवर दामासस ह्यांनीं आपली स्वतःची इच्छा नमूद केली कीं, मलाहि येथेंच विसांवा मिळावा असें वाटतें, परंतु पुण्यपुरुषांच्या अस्थींस माझ्यामुळें धक्का लागेल ह्याची भीति वाटते. त्याप्रमाणें ते तेथें पुरले गेले नाहींत. आपली आई व बहीण ह्यांच्याजवळ, दुसऱ्या ठिकाणीं, त्यांनीं विसांवा घेतला. डागडुजी करणाऱ्यानें जुन्या स्मारकांत स्वतःसाठीं जागा धरूं नये, हा धडा ह्याहून चांगल्या रीतीनें कोणी दिला नसेल.

आतां दुसरा प्रसंग पाहूं. इ. स. ५३७ मध्यें गॉथ लोकांनीं रोमला वेढा घातला, आणि नगराबाहेरील दफनभूमींची फार नासधूस झाली. वेढा उठल्यावर पोप विजिलियस ह्यांच्या काळीं फुटलेल्या शिळांची पुन्हां उभारणी झाली. संत यूसेबियस ह्यांच्या कबरीवरील दामासस ह्यांची शिळा तुकडे तुकडे झाली होती. तिची नक्कल एका जुन्या संगमरवरी फरशीच्या पाठीवर कोरण्यांत आली. ही फरशी मुळांत काराकाला नांवाच्या मूर्तिपूजक बादशहाच्या सन्मानार्थ कोरलेली होती. तीच उलटी करून वापरली. हेतु उत्तम होता, परंतु कोरणाऱ्यास मूळ लेख नीट वाचतां येत नव्हता. त्यामुळें नकलेंत चुका राहिल्या. पुढें मूळ शिळेचे तुकडे सांपडले, तेव्हां दोन्ही ताडून पाहतां आल्या. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, नक्कल कितीहि श्रद्धेनें केली तरी ती मुळाची जागा घेऊं शकत नाहीं. आणि मुळाचा फुटका तुकडासुद्धां टाकून देण्याजोगा नसतो.

त्यानंतरच्या शतकांत नगराबाहेरील प्रदेश अधिकच असुरक्षित झाला. पोप पहिले पौल, आणि पुढें इ. स. ८१७ ते ८२४ पर्यंत आसनावर असलेले पोप पहिले पास्काल, ह्यांनीं बहुतेक रक्तसाक्षींच्या अस्थि नगरांतील देवळांत आणविल्या. यात्रेकरूंचें येणें थांबलें, झरोके मातीनें भरले, जिन्यांवर द्राक्षमळे पसरले, आणि जुनी बहुतेक भुयारें लोकांच्या स्मरणांतूनहि गेलीं. इ. स. १५७८ मध्यें सालारिया मार्गावरील एका मळ्यांत खणतांना मजुरांस अचानक एक दफनभूमि सांपडली, तेव्हां सारें रोम चकित झालें. तदनंतर अंतोनियो बोसियो ह्यांनीं आपलें आयुष्य ह्या शोधास वाहिलें. इ. स. १५९३ मध्यें ते एका भुयारांत इतके आंत शिरले कीं, परतीची वाट चुकली आणि दिवे विझावयाच्या बेतांत आले. सुदैवानें ते वांचले. विस्मृतींत गेलेली दफनभूमि जिवंतांस किती धोक्याची होते, ह्याचें हें उदाहरण आहे. डागडुजी थांबली कीं दोन्ही गोष्टी एकदमच जातात: मृतांचीं नांवेंहि आणि जिवंतांची निर्भयताहि.

एकोणिसाव्या शतकांत जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी नांवाच्या विद्वानानें ह्या कामास शास्त्रीय वळण दिलें. इ. स. १८४९ मध्यें त्यांस एका द्राक्षमळ्यांत संगमरवराचा एक तुकडा आढळला. त्यावर एका नांवाचा उत्तरार्ध आणि ‘रक्तसाक्षी’ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द एवढाच होता. हा तुकडा पोप कॉर्नेलियस ह्यांच्या कबरीचा असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. त्यांच्या आग्रहावरून पोप नववे पायस ह्यांनीं ती जमीन खरेदी केली, आणि इ. स. १८५२ मध्यें खरोखरच ती कबर, नांवाच्या पूर्वार्धासह, सांपडली. इ. स. १८५४ मध्यें वर सांगितलेलें पोपांचें दालन उघडें झालें. तें ढिगाऱ्यानें भरलेलें होतें. दामासस ह्यांच्या शिळेचे शंभराहून अधिक तुकडे तेथें विखुरलेले पडले होते. फिलोकालसच्या अक्षरवळणावरून दे रोस्सी ह्यांनीं ते ओळखले, जुळविले आणि लेख पुन्हां भिंतीवर आणिला. पोपमहाशय स्वतः खालीं उतरले, आणि आपल्या पूर्वगामींचीं नांवें दगडावर वाचतांना त्यांचें अंतःकरण भरून आलें. इ. स. १८५२ मध्यें ह्याच पोपमहाशयांनीं पवित्र पुराणवस्तूंच्या रक्षणार्थ एक मंडळ नेमिलें. तें आजहि कॅटाकोमांची देखरेख करीत आहे.

रोमची गोष्ट येथें पुरे करूं. आपल्या कोंकणपट्टींतहि हाच प्रश्न दगडारूपानें उभा आहे. वसईचा किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, तेथील छप्पर उडालेल्या देवळांच्या फरशींत, विशेषतः फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या देवळांत, पोर्तुगीज अक्षरें व कुलचिन्हें कोरलेल्या कित्येक स्मारकशिळा आहेत. मुख्य देवळाच्या द्वारावरील लेखांत इ. स. १६०१ मध्यें महागुरु आलेइशो द मेनेझिस ह्यांच्या काळीं त्या देवळाची पुनर्रचना झाल्याची नोंद आहे. म्हणजे जुन्या वास्तूची डागडुजी करून तिची तारीख दगडावर लिहून ठेवण्याची चाल आपल्या प्रांतांतहि ४०० वर्षांहून जुनी आहे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले, आणि त्या शिळांची विचारपूस करणारें घरचें माणूस उरलें नाहीं. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले. गोव्यांत जन्मलेले व मुंबईंत वैद्यकी करणारे डॉ. जोसेफ जेर्सन द कुन्या ह्यांनीं चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांवर इ. स. १८७६ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत वसईच्या शिळालेखांचीं वाचनें दिलीं. दगडावरील अक्षर झिजत जातें. कागदावर वेळींच उतरविलेलें अक्षर मागें राहतें. किल्ला आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तेथें आपण परस्पर हात लावावयाचा नाहीं. परंतु आपल्या गांवच्या दफनभूमीची जबाबदारी दुसऱ्या कोणावर नाहीं. इ. स. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेंतहि दफनभूमीचें पावित्र्य राखण्याकरितां स्थानिक नियम असावे, असें सांगितलें आहे.

भीति व घाई ह्यांनीं काय होतें, हें इंग्लंडाच्या अलीकडील अनुभवावरून शिकण्यासारखें आहे. इ. स. २००० मध्यें तेथील एका दफनभूमींत शिळा अंगावर पडून सहा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. देशभर हळहळ झाली, आणि नगरपालिकांनीं आपापल्या दफनभूमींत शिळांची परीक्षा आरंभिली. हें करणें अवश्यच होतें. परंतु कित्येक ठिकाणीं कुटुंबांस न कळवितां शेंकडों शिळा आडव्या पाडण्यांत आल्या; आपल्या आईबापांच्या नांवाची शिळा जमिनीवर पडलेली पाहून लोकांस दुःख झालें, आणि तक्रारींचा पाऊस पडला. शेवटीं इ. स. २००९ मध्यें तेथील न्यायखात्यानें मार्गदर्शनपर पुस्तिका काढून असें सुचविलें कीं, धोका जेवढा असेल तेवढाच उपाय करावा. सरसकट शिळा पाडूं नयेत. प्रथम दुर्लक्ष, मग घाबरगुंडी: ह्या दोन टोंकांच्या मधली वाट म्हणजेच दामासस ह्यांची वाट.

आतां आपल्या फाटकाच्या आंत येऊं. स्मारकें कां पडतात, हें समजल्यावांचून तीं कशीं राखावीं हें समजणार नाहीं. पहिलें कारण जमिनीखालीं आहे. पेटी कुजली म्हणजे वरची माती खचते, आणि एका बाजूचा पाया खालीं गेल्यामुळें क्रूस तिकडे कलतो. दुसरें कारण लोखंड. जुन्या कारागिरांनीं क्रूस व बैठक जोडावयास आंत लोखंडी खुंटी घातलेली असते. पाणी शिरलें कीं लोखंड गंजतें, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. त्या दाबानें अखंड दगड आंतून फुटतो. तिसरें कारण झाडें. पक्ष्यानें टाकलेलें पिंपळाचें किंवा वडाचें बीं सांध्यांत रुजतें, आणि दहावीस वर्षांत तें मूळ पहारेचें काम करितें. चौथें कारण आपण स्वतः. भेग दिसली कीं सिमेंट थापावयाचें, ही आपली अलीकडील संवय. सिमेंट जुन्या जांभ्याहून व चुन्याहून कठीण असतें; तें ओलावा बाहेर जाऊं देत नाहीं. मग तो ओलावा, समुद्रकांठच्या हवेंतील क्षारासह, दगडांतूनच वाट काढितो, आणि सिमेंट जसेंच्या तसें राहून शेजारचा दगड भुसभुशीत होतो.

म्हणून कामाचा क्रम असा असावा असें आम्हांस वाटतें. पहिलें काम वहीचें. प्रत्येक स्मारकास क्रमांक द्यावा, त्याचें छायाचित्र घ्यावें, वरील अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि तीं देवळांतील मृत्युनोंदींच्या वहीशीं ताडून पाहावीं. पुसट अक्षर दुपारच्या डोक्यावरील उन्हांत दिसत नाहीं. सकाळीं किंवा संध्याकाळीं तिरपा प्रकाश पडला म्हणजे, किंवा रात्रीं बाजूनें बॅटरीचा झोत टाकिला म्हणजे, त्याच्या सावलीवरून तें वाचतां येतें. जें अक्षर वाचतां येत नाहीं, तेथें वहींत रिकामी जागा सोडावी. अंदाजानें भरूं नये, आणि दगडावर तर मुळींच कोरूं नये. विजिलियस ह्यांच्या काळच्या नकलकाराची गोष्ट आम्हीं वर सांगितली ती ह्याच हेतूनें.

दुसरें काम परीक्षेचें. पाऊलवाटेजवळचे व उंच क्रूस आधीं पाहावे. गुडघ्याएवढ्या शिळेपासून फारसें भय नसतें. दोन जाणत्या माणसांनीं बाजूस उभें राहून तळव्यानें हलकेंच दाबून पाहावें. हिसका देऊं नये, दोर लावून ओढूं नये. जें डळमळतें त्याभोंवतीं कुंपण घालावें, किंवा त्यास तात्पुरता टेकू द्यावा. टेकूनेंहि भागण्यासारखें नसेल तर, आणि तरच, घरच्या मंडळीस कळवून, अक्षरें वर येतील अशा रीतीनें, विटांच्या आधारावर, त्याच कबरीवर तें आडवें निजवावें. एका कबरीचा दगड दुसरीकडे जाऊं नये. एकदां तो कुंपणाजवळच्या ढिगांत गेला कीं, त्याखालील मनुष्य पुन्हां अनोळखी झाला.

तिसरें काम कारागिराचें, आणि तें पावसाळा संपल्यावर हातीं घ्यावें. वजनदार क्रूस खांद्यावर न उचलितां तीन वाशांची तिवई व कप्पी लावून उतरवावा. गंजलेलें लोखंड काढून टाकावें, आणि त्या जागीं कांशाची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची खुंटी घालावी. पाया खणतांना कबरीच्या मधोमध कुदळ चालवूं नये. डोक्याकडील न खणलेल्या घट्ट जमिनीचा आधार घ्यावा. सांध्यांसाठीं चुना वापरावा. आपल्या आज्यापणज्यांच्या वेळीं चुना भिजवून कित्येक दिवस मुरवीत, घाणींत वाळूबरोबर मळीत, आणि कोठें कोठें त्यांत गूळ व हिरड्याचें पाणी घालीत. चुना सावकाश धरतो. त्यास कांहीं दिवस ओलें गोणपाट घालून जपावें लागतें. परंतु दगडाहून तो मऊ असल्यामुळें, पुढें कधीं ताण आला तर सांधा तडकतो आणि दगड वांचतो. सांधा पुन्हां भरतां येतो. दगड पुन्हां मिळत नाहीं.

झाड उपटूं नये. जोर लावून मूळ ओढलें तर त्याबरोबर अर्धें थडगें उठून येतें. खोड कापावें, नवा फुटवा येईल तसा काढीत राहावें, आणि मूळ मेल्यावर सांधे भरावे. मुळें फारच खोल गेलीं असतील तर एकेका दगडास खूण करून तें स्मारक उतरवावें व पुन्हां जुळवावें. स्वच्छतेसाठीं पाणी व मऊ कुंचा एवढें पुरेसें आहे. तेजाब संगमरवरास खातो. तारेचा ब्रश शेवाळाबरोबर अक्षरहि घेऊन जातो. आणि सणाच्या आदल्या दिवशीं हौसेनें फासलेला तैलरंग दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून, कोरलेल्या नांवाच्या खांचा बुजवून टाकितो. शेवटीं, ज्या वर्षीं काम झालें त्या वर्षाची नोंद वहींत अवश्य करावी.

एक प्रश्न राहिला: ज्यांच्या मागें कोणी उरलें नाहीं, त्यांच्या स्मारकांचें काय? कित्येक घराणीं साथींत संपलीं, कित्येक पोटासाठीं मुंबईस व परदेशीं गेलीं, कित्येकांचीं नांवेंहि आपणांस ओळखीचीं वाटत नाहींत. येथेंच आपल्या श्रद्धेची खरी कसोटी लागते. ज्याचा नातू गांवांत आहे त्याच्या क्रुसास चुना मिळेलच. परंतु दामासस ह्यांनीं ज्यांच्या कबरी सांवरल्या त्यांपैकीं किती त्यांच्या नात्याचे होते? ख्रिस्तसभा हेंच त्यांचें घराणें होतें. म्हणून आमची नम्र सूचना अशी आहे कीं, ज्युबिलीनिमित्त जमलेल्या निधीचा कांहीं भाग प्रथम ह्या बेवारस म्हणविल्या जाणाऱ्या स्मारकांकडे लावावा. आणि नवी कमान किंवा देणगीदारांच्या नांवांची नवी संगमरवरी फरशी हा विचार त्यानंतर करावा. जागेची अडचण आपणांस ठाऊक आहे. एकाच जागीं पुन्हां दफन करणें अनेक ठिकाणीं अपरिहार्य झालें आहे. तेथेंहि जुनें नांव पुसून नवें लिहूं नये. जुन्याच्या खालीं नवें यावें, किंवा जुनी शिळा भिंतींत बसवावी. नांवें एकमेकांस अडथळा करीत नाहींत.

ज्युबिली म्हणजे वर्षांची मोजदाद. परंतु वर्षें मोजतांना तीं कोणी जगलीं, हें विसरलें तर त्या मोजदादींत अर्थ राहत नाहीं. पहिल्या मिस्साबलीस ज्यांनीं गुडघे टेकिले, ज्यांनीं पटकीच्या साथींत शेजाऱ्याची पेटी खांद्यावर वाहिली, ज्यांनीं निरक्षर असूनहि आपल्या मुलांस धर्मशिक्षणाचीं उत्तरें मुखोद्गत करविलीं, त्यांच्याविषयीं आपल्यापाशीं एक झिजलेलें नांव, एक सन आणि एक कललेला क्रूस एवढेंच उरलेलें आहे. तो क्रूस सरळ व्हावा, आणि त्याखालून जातांना कोणाहि आईनें आपल्या लेंकराचा हात घट्ट धरूं नये, अशी व्यवस्था ह्या वर्षीं आपण करूं या. प्रभु आपल्या पूर्वजांस आपल्या प्रकाशांत ठेवो, आणि त्यांच्या उशाशीं सावधपणें वावरण्याची बुद्धि आम्हां सर्वांस देवो.